होय, मीच आहे

माझे वडील वारल्यानंतर अडीच महिन्यांनी त्यांनी पुन्हा कामाला सुरुवात केली, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. मुळात मी बोलणारा माणूसच नाही. आमच्या कॉलेजच्या कार्यालयात मी हेडक्लार्क आहे, आणि तिथं माझ्याविषयी असं म्हणतात की ऑफिसला आग लागली तरी हे ओरडणार नाहीत, अर्ज लिहून आवक-जावकच्या टेबलावर ठेवतील. (हे खोटं आहे. आधी कच्चा मसुदा करीन.) पण बावन्नाव्या वर्षी माणसाच्या पोटात काही गोष्टी राहीनाशा होतात. म्हणून लिहितो.

आमचे नाना म्हणजे सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला शिकलेला माणूस. सोलापुरात शाळामास्तर झाले, इथंच घर बांधलं, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना एकाच गोष्टीनं पछाडलं. वंशावळ! आमच्याकडं पिढ्यांची नावं हेळव्याच्या वहीत असतात. हेळवी म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी बैल घेऊन गावात येणारा, घराघराच्या पिढ्या लिहून ठेवणारा माणूस. अंगणात बसून तो जुनी नावं म्हणायला लागला की कोंबड्यासुद्धा गप्प व्हायच्या. नवं जन्मलेलं पोर लिहायचा, पुढं शब्द लावायचा ‘हयात’. माणूस गेलं की ‘मयत’. पण मयत तो आपल्या मनानं लिहायचा नाही. घरातल्या थोरल्या मुलाकडं बघून तीनदा विचारायचा, “लिहू का?” थोरला “लिही” म्हणेपर्यंत माणूस जळून राख झालं तरी वहीत जिवंतच! आमच्या भावकीतले एक चुलत आजोबा असे कितीतरी वर्षं हयात होते, कारण त्यांचा थोरला रुसून टेंभुर्णीला जाऊन बसला होता.

पुढं तो हेळवी यायचा थांबला. मग नानांनी त्याच्या वहीवरून सगळी वंशावळ कॉम्प्युटरवर चढवायला घेतली. रकाने चार. नाव, गाव, हयात की मयत, आणि शेवटी शेरा. मास्तर माणूस, शेरा मारल्याशिवाय कसा राहील? आमच्या खापरपणजोबांपुढं लिहिलं होतं, ‘मेंढरं देऊन घोडा आणला. घोडा पळाला.’ एका काकूपुढं फक्त, ‘हिच्याशी वाद घालू नये.’

“बाळू,” नाना मला म्हणायचे, “रविवारी जरा माझ्याजवळ बस. मी सांगतो, तू टाईप कर. डोळे दुखतात रे.”

“रविवारी बघू, नाना.”

मग रविवार यायचा. मी पेपर वाचायचो, स्कूटर पुसायचो, झोपायचो. नाना खोलीच्या दारातून एकदा बघून जायचे. काही बोलायचे नाहीत. (माझं न बोलणं कुठून आलं ते कळलं असेल.) असे किती रविवार गेले ते मी मोजलेले नाहीत. माघात नाना गेले, आणि त्यांच्यापाठोपाठ माझे सगळे रविवारही.

आईनं त्यांचा कॉम्प्युटर बंद करू दिला नाही. “राहू दे चालू. त्यांचं हाय ते.” देवघरात समई आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटर, असे दोन दिवे आमच्या घरात तेवत राहिले. नानांचा मोबाईलही तिनं हार घातलेल्या फोटोपुढं चार्जिंगला लावून ठेवला होता. बाकी ती रडली वगैरे नाही. फक्त दुपारचं जेवण सोडलं. नाना निवृत्त झाल्यापासून दोघं रोज साडेबाराला समोरासमोर बसून जेवलेली. आता ती ताट वाढून घ्यायची, भाकरीचा एक तुकडा मोडायची, आणि तसाच ठेवून उठायची. दोन महिन्यांत तिच्या पाटल्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “हे असंच चाललं तर तुम्हाला दुसऱ्या फोटोची तयारी करावी लागेल.”

अशात सांगोल्याहून आत्याचा फोन. हौसाआत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण. “बाळू, भावकीची जत्रा आली रं. वंशावळ वाचायची हाय. दादाचं नाव लावलं का न्हाय खाली?”

नाव लावायचं म्हणजे नानांच्या ओळीत ‘हयात’ खोडून ‘मयत’ करायचं. आणि थोरला मुलगा मीच. एकुलताही मीच. टेंभुर्णीला पळून जायचीही सोय नाही!

तीनदा मी त्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. खुर्चीवरच्या उशीत नाना बसायचे तेवढा खड्डा अजून तसाच होता. पडद्याचा निळसर उजेड त्या खड्ड्यावर पडलेला. तिथं बसायचं म्हणजे त्यांच्या मांडीवर बसल्यासारखं. मी तिन्ही वेळा परत फिरलो.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. आमच्या ऑफिसात परीक्षेच्या काळात एका जागेवरून दुसऱ्या जागेचा कॉम्प्युटर चालवायची सोय केली होती. इथं माऊस हलवला की तिथं बाण हलतो. मग नानांच्या खुर्चीत न बसता नानांचं काम करता येईल की! ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत, कुणाला न कळता.

आई आणि माझी बायको सुमन सिद्धेश्वराला गेल्या होत्या त्या सकाळी मी खोलीत शिरलो आणि उभ्याउभ्याच सगळी जोडणी केली. सुरक्षेच्या बाबतीत मी फार कडक. पासवर्ड घातला तर मशीन म्हणालं, ‘कमकुवत.’ (आजवर हे फक्त घरच्यांनी म्हटलं होतं.) मग अंक घातले, चिन्हं घातली, कॅपिटल घातली. मशीन म्हणालं, ‘बरा.’ शेवटी असा पासवर्ड केला की तो मलाच पाठ होईना, म्हणून चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या घरात ठेवला. पुढं त्यानं दुहेरी सुरक्षेबद्दल इंग्रजीत एक लांबलचक मजकूर दाखवला. तो मी, आपण सगळे करतो तसं, न वाचता ‘मान्य’ करून टाकला. सगळं खातं नानांच्याच नावावर होतं. चोराची काय बिशाद! आत शिरणारा जगात मी एकटा.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला ऑफिस रिकामं झालं. वैशाखातलं सोलापूर. त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. लोक म्हणतात भर बाराला भुतं फिरतात; आमच्या गावात ऊन इतकं की त्यांनाही वेळ बदलून घ्यावी लागली असेल. मी पासवर्ड घातला. मिनिटभर ते चक्र नुसतं गरगरत राहिलं. इंटरनेट हळू आहे म्हणून मी मनातल्या मनात शिव्या देत होतो, तेवढ्यात माझ्या पडद्यावर नानांचा पडदा उघडला.

अंगावर काटा आला हे कबूल करतो. त्यांचे आयकॉनचे ढीग, त्यांनी लावलेलं विठोबाचं चित्र, सगळं जसंच्या तसं. मेलेल्या माणसाच्या डोळ्यांतून बघितल्यासारखं वाटलं. मी वंशावळ उघडली. नानांची ओळ गाठली. ‘हयात’ खोडलं. ह, या, त. रकाना कोरा झाला. आता चार बोटं चालवून ‘मयत’ लिहायचं, एवढंच.

बोटं हलेनात.

तेवढ्यात शिवप्पा, आमचा शिपाई, दारातून म्हणाला, “साहेब, प्राचार्य बोलवायलेत.” मी उठलो. पाच मिनिटांत परत आलो. बघतो तर रकान्यात ‘हयात’ लिहिलेलं!

मी मनाशी म्हटलं, उठताना चुकून खोडलेलं परत आणायचं बटण दाबलं गेलं असणार. म्हटलं खरं.

संध्याकाळी घरी आलो तर सुमन दारातच उभी. चेहरा पांढराफटक.

“अहो, नानांच्या खोलीत मशीन आपोआप चालतंय!”

“काहीतरीच.”

“माझ्या डोळ्यांनी बघितलंय! आई स्वयंपाकघरात, मी खोलीच्या दारात झाडू घेऊन. आत कुणी नाही. आधी फोटोपुढचा त्यांचा फोन टिंग वाजला. मग तो बाण आपोआप फिरायला लागला. वंशावळ उघडली. नानांचंच नाव काढलं. हयात पुसलं, आणि थोड्या वेळानं, एक-एक अक्षर करून, परत लिहिलं! ते म्हणतायत, मी आहे!”

इथं मी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य. ‘अगं, तो मी होतो.’ तोंड उघडलंही. पण तेवढ्यात सुमन दबक्या आवाजात म्हणाली, “आणि मी आईंना सांगितलं, तर त्यांनी तवा उतरवला. ताट घेऊन त्या खोलीत जाऊन बसल्या. दोन भाकरी खाल्ल्या, शेंगाची चटणी परत मागून घेतली!”

मी तोंड मिटलं.

आता माझी पंचाईत बघा. खरं बोललो तर नाना मरतात आणि आई जेवायची थांबते. खोटं बोललो तर, पण मी खोटं कुठं बोललो? मी काहीच बोललो नाही. तेच तर माझं वैशिष्ट्य!

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी पुन्हा आत शिरलो. नुसती वंशावळ खालीवर केली, एक-दोन गावांची नावं नीट केली, जत्रेसाठी एक यादी वेगळी काढली. मग कामाच्या भरात सवयीनं छपाईचं बटण दाबलं आणि शेजारच्या प्रिंटरपाशी कागदाची वाट बघत उभा राहिलो. कागद येईना. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तोवर उशीर झाला होता. कागद निघत होते, पण घरी! नानांच्या खोलीत, भर दुपारी, कुणी नसताना घर्रर्र करत प्रिंटर जागा झाला आणि एकामागून एक पानं बाहेर टाकायला लागला. आणि मी छापायला काय दिलं होतं? मयतांची यादी. फक्त मयतांची!

सुमनचा फोन आला. “अहोऽऽ! ते आता सगळ्यांना घेऊन यायलेत!”

तिसऱ्या दिवसापासून सुमन साडेबाराला मला फोन लावायची आणि भीतीनं चालूच ठेवायची. “काही बोलू नका, नुसतं कानाला लावून ठेवा. मला आधार वाटतो.” म्हणजे एका कानात बायको, समोर नानांचा पडदा, आणि मधोमध मी. माझ्याच घरात मी केलेली भुताटकी मला थेट ऐकू येत होती.

“फोन टिंग झाला बघा,” ती कुजबुजायची. “आई तो गप्प करून आल्या. आता बाण हलेल. हलला! अहो, हलला!”

“हूं.”

“आई ताट घेऊन बसल्यात हो. पण आज खात नाहीत. नुसतं पडद्याकडं बघत बसल्यात. वाट बघतायत.”

काय वाटलं कोण जाणे. मी एक कोरं पान उघडलं आणि लिहिलं,

जेवलीस का?

पलीकडून पंख्याची खरखर ऐकू येत होती. मग सुमनचा रडवेला आवाज. “अहो, ‘जेवलीस का’ म्हणतायत! आणि आईंनी घास घेतला!”

तेव्हापासून मी रोज लिहायला लागलो. मला काय झालं होतं मलाच कळेना. ज्या आईशी घरात माझं बोलणं ‘चहा’, ‘येतो’ आणि ‘आलो’ एवढ्यावर आटपायचं, तिला मी ऑफिसात बसून लिहीत होतो. ‘गुडघा कसा आहे?’ ‘ऊन फार आहे, मंडईत माळवं आणायला जाऊ नकोस.’ ‘ताक घे.’ एकदा तर ‘एकटं वाटतं का?’ असंही लिहून गेलो आणि स्वतःच दचकलो. आई मोठ्यानं उत्तर द्यायची, ते फोनमधून मला ऐकू यायचं. “व्हय, वाटतं की. तुम्हाला?” मी लिहिलं, ‘मलाही.’ आणि डोळे पुसले. शिवप्पा म्हणाला, “साहेब, स्क्रीनकडं लई बघू नका, डोळ्यातनं पाणी यायलंय.”

बातमी सांगोल्याला पोचायला कितीसा वेळ लागणार? आठवड्याभरात हौसाआत्या हजर! एका हातात लिंबं, दुसऱ्या हातात अंगाऱ्याची पुडी. त्या दिवशी सुमननं फोन चालूच ठेवला होता, त्यामुळं सगळं मला ऐकू आलं.

“वैनी, ह्ये बरं न्हाय,” आत्या म्हणत होती. “दादा असला तर त्याला वाट दाखवाय पायजे. नसला तर ह्यात दुसरंच कायतरी शिरलंय. म्या आमच्याकडचा देवऋषी आणते. त्यो म्हणला मशीन पाण्यात सोडा, तर सोडायचं! त्याबिगर म्या हितनं हलायची न्हाय.”

माझं पाणी पाणी झालं. त्या मशीनमध्ये नानांचं सगळं आयुष्य होतं आणि दुसरीकडं कुठंही प्रत नव्हती. (सुरक्षेच्या बाबतीत मी कडक, हे सांगितलंच आहे.) मशीन गेलं की वंशावळ गेली, वंशावळीबरोबर आईचं जेवण गेलं.

“आधी पारख करू,” आत्या पडद्यासमोर जाऊन उभी राहिली असावी, कारण तिचा आवाज चढला. “दादा असशील तर सांग! माझ्या कपाळावर ही खोक कशानं पडली?”

मला काय माहीत! लहानपणापासून ऐकत आलो होतो की आत्या विहिरीच्या पायऱ्यांवर पडली. तेच लिहिणार होतो. पण हात थबकला. म्हटलं, एकदा बघावं. मी वंशावळीत आत्याची ओळ शोधली. बाण एकेक नाव मागं टाकत खाली जायला लागला. पलीकडं सुमन एकेक नाव पुटपुटत होती. आत्याच्या नावावर बाण थांबला. शेऱ्याच्या रकान्यात नानांनी लिहून ठेवलं होतं,

‘हिच्या कपाळाला माझ्या गोफणीचा दगड लागला. मी घाबरून विहिरीचं खोटं सांगितलं. हिनं आजतागायत खरं कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. चूक माझी.’

सुमननं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आणि मग फोनमधून जो आवाज आला तो मी विसरणार नाही. सत्तरीची आत्या सहा वर्षांच्या पोरीसारखी हंबरडा फोडून रडत होती. “दादा रं! आरं, मी कवाच माफ केलतं की रं!”

लिंबं तिथंच राहिली. देवऋषी आला नाही. जाताना आत्या मशीनला हळदीकुंकू लावून गेली, ते कीबोर्डच्या फटीत गेलं आणि तेव्हापासून ‘क’ दाबला की दोनदा उमटतो.

पण माझ्या मनातून तो शेरा जाईना. नाना इतकं लिहून ठेवत होते? मग माझ्या नावापुढं काय लिहिलंय? बघायचं धाडस होईना. दोन दिवस मी माझ्या ओळीला वळसा घालून गेलो. तिसऱ्या दिवशी सुमन माहेरी करकंबला गेली होती, म्हणून फोन नव्हता. ऑफिस सुनसान. बाहेर पत्रा उन्हानं कडकड वाजत होता. मी माऊसवरचा हात काढला, चष्मा पुसला, मनाची तयारी केली.

आणि बाण हलला.

माझा हात टेबलावर होता. दोन्ही हात टेबलावर होते! बाण संथपणे खाली सरकत गेला. एक नाव, दुसरं नाव. माझ्या नावावर येऊन थांबला. मग उजवीकडं शेऱ्याच्या रकान्यात शिरला. रकाना कोरा होता. नानांनी सगळ्यांवर शेरे मारले होते, माझी जागा मोकळी सोडली होती. आता तिथं, फार सावकाश, एकेक अक्षर उमटायला लागलं.

र. वि. वा. र.

थोडं थांबून,

क. क.

एक ‘क’ पुसला गेला. मग बाकीचं. ‘रविवार कधी येणार?’

मी खुर्चीसकट मागं पडलो. शिवप्पा धावत आला. “काय झालं साहेब? करंट बसला?” मी त्याला पडद्याकडं बोट दाखवलं. त्यानं वाचलं आणि शांतपणे म्हणाला, “परवा येईल की साहेब. आज शुक्रवार.”

अर्ज नाही, रजा नाही, काही नाही. मी स्कूटर काढली आणि भर दुपारच्या उन्हात सात रस्ता चौकातून जसा सुटलो, तसा आयुष्यात सुटलो नव्हतो. घराचं दार उघडं. फोटोपुढं नानांचा फोन नव्हता. मागच्या खोलीतून टक... टक... असा आवाज येत होता. मी भिंत धरून धरून दारापर्यंत गेलो.

नानांच्या खुर्चीत आई बसली होती. एका बोटानं, चष्मा नाकावर ओढून, टाईप करत होती.

“आलास?” मान न वळवता ती म्हणाली. “बस. ह्यो ‘क’ दोनदा का पडतोय बघ की जरा.”

“आई, तू? तुला हे येतं?”

“तुझा रविवार कुटं येत हुता? मग तेंनी मला बसवलं. अर्धी वंशावळ म्याच लिवल्या.”

मी दाराच्या चौकटीला टेकलो. “म्हणजे... तुला माहीत होतं?”

आईनं मांडीवरचा नानांचा फोन माझ्यापुढं धरला. पडद्यावर मराठीत ठळक लिहिलं होतं, ‘तुमच्या खात्यात प्रवेश करण्याचा प्रयत्न होत आहे. हे तुम्हीच आहात का?’ आणि खाली दोन बटणं. ‘होय, मीच आहे’ आणि ‘नाही’.

ते गरगरणारं चक्र इंटरनेटमुळं नव्हतं. ती मी न वाचता मान्य केलेली दुहेरी सुरक्षा होती! रोज साडेबाराला मी ऑफिसात पासवर्ड घालायचो, इथं मेलेल्या माणसाच्या फोटोपुढं टिंग वाजायचं, आणि माझी आई जाऊन बटण दाबायची. तिनं दाबल्याशिवाय मला जन्मात आत शिरता आलं नसतं.

“पैल्या दिवशी फोनानं इचारलं, ‘हे तुम्हीच आहात का?’ तवा मला काय वाटलं असंल सांग,” आई म्हणाली. “तेंच्या वतीनं ‘होय’ दाबलं. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून वाचलं. खाली बारीक अक्षरात तुझ्या कॉलेजच्या मशीनचं नाव.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोललास?”

मी फोन घेऊन ती बारीक अक्षरं वाचायला लागलो.

“आन तसं बी कळलंच असतं,” ती म्हणाली. “उभ्या संसारात तेंनी मला एकदा बी ‘जेवलीस का’ म्हणून इचारलं न्हाय. मेल्यावर बरं सुचंल!”

“मग रोज जेवत का होतीस?”

“तू इचारत हुतास की.”

मी खाली जमिनीवर बसलो. मग म्हटलं, “आणि पहिल्या दिवशी मी पुसलेलं ‘हयात’ तू परत लिहिलंस, होय ना?”

आईनं माझ्याकडं बघितलं. “म्या? म्या तवा फोनावर बटन दाबून भाकरी थापाय गेलते. सुमन दारात हुती. हितं कोन नव्हतं.”

“मी पण प्राचार्यांकडं होतो.”

दोघंही पडद्याकडं बघत राहिलो. उशीतल्या खड्ड्यात आता आई बसलेली होती, तरी खुर्ची अधूनमधून आपली आपण करकरत होती. पडद्यावर ती ओळ होती. नाव नानांचं, गाव नानांचं, पुढं ‘हयात’. आईनं बोट कीबोर्डवर ठेवलं आणि हेळव्यासारखं मला विचारलं, “लिहू का?”

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

“लिहू का?”

कुठं तरी दार वाजलं. ऊन होतं, वारा नव्हता.

“नको,” मी म्हटलं. “राहू दे.”

तेव्हा आमच्या वंशावळीत नाना अजून हयात आहेत. जत्रेत ओळ वाचली गेली तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. आत्यानं तर हात जोडले. सुमनला मी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही, पण मी आधीच तसा असल्यामुळं घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता दर रविवारी मी त्या खोलीत आईजवळ स्टूल घेऊन बसतो. मोठ्या निश्चयानं बसतो. पंखा फिरतो, पाच मिनिटं जातात, दहा जातात. मी घसा खाकरतो. आई वाट बघते. शेवटी तीच उसासा टाकते.

“जाऊ दे बाबा. उद्या ऑफिसला गेलास की बोल. म्या बटन दाबते.”

परवा हिंमत करून माझी ओळ पाहिली. आधीचा प्रश्न पुसून आईनं तिथं शेरा मारलाय.

‘हयात आहे. पण फक्त लांबून चालतो.’